विजेची गाडी कोणत्या खुंट्याला बांधावी?

काटोलच्या रस्त्याने नागपूरला जाणे ज्यांचे नित्याचे आहे, त्यांच्या नजरेला गेल्या चार-पाच वर्षांत एक बदल आलाच असेल. संत्र्याचे क्रेट भरलेले टेम्पो, एसटीची लाल गाडी आणि दुधाचे कॅन अडकवलेल्या मोटारसायकली यांच्यामधून हिरव्या नंबरपाटीची एखादी मोटार आवाज न करता पुढे निघून जाते. फेटरी मागे पडते, गोरेवाड्याची झाडी लागते आणि काटोल नाक्यापर्यंत अशा तीन-चार तरी दिसतात. पूर्वी या गाड्या शहरातल्या डॉक्टर-वकिलांच्या असत. आता त्या गावाकडेही वळू लागल्या आहेत. मुलगा मिहानमध्ये नोकरीला, वडील गावी संत्र्याच्या बागेत आणि गाडी दोघांच्या मध्ये, अशी घरे माझ्याच माहितीत बरीच आहेत.

वाचकहो, गाडी कोणती घ्यावी हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. मी पंचायत समितीतला विस्तार अधिकारी. माझे आयुष्य बोंडअळी, कोळशी आणि मोटारपंप यांत गेले. पण गाडी घेतल्यावर जो प्रश्न पडतो, तो मात्र माझ्याकडे वरचेवर येतो, कारण तो प्रश्न गाडीचा नसून विजेचा आहे. “साहेब, भिंतीले ठोकून घ्याचा चार्जर बरा, का डिक्कीत टाकून न्याचा बरा?” हाच तो प्रश्न. आपल्या भाषेत सांगायचे तर गाडी कायमच्या खुंट्याला बांधावी, की दावे बरोबर ठेवून जिथे मुक्काम तिथे बांधावी?

या प्रश्नाचा जाणता जर कोणता गाव असेल तर तो नागपूरच होय. आपल्याला विसर पडला आहे, पण विजेवरच्या टॅक्सी, रिक्षा आणि ई-रिक्षा एकत्र चालवण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग २६ मे २०१७ रोजी नागपुरातच सुरू झाला. ओला कंपनीने महिंद्राच्या छोट्या मोटारी घेऊन तो उभारला. सर्व मिळून दोनशे वाहनांची योजना होती आणि त्यांच्यासाठी शहरात चार्जिंगची ठिकाणे बांधली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या एका पेट्रोलपंपावरही चार्जिंगची सोय झाली. उत्साह मोठा होता. परंतु २०१८ सालीच चालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. गाडी चांगली होती, वीज स्वस्त होती, पण चार्जिंगच्या रांगेत तासन् तास जात. भाडे सोडून रांगेत बसणाऱ्या टॅक्सीवाल्याला वीज कितीही स्वस्त पडली तरी ती महागच पडणार.

त्या प्रयोगातून मला एक गोष्ट उमजली. विजेच्या गाडीचे खरे पोट घरी, रात्री, उभ्या जागी भरते. बैलही दिवसभर औताला असतो आणि रात्री गव्हाणीवर खातो. वाटेत चारा मिळाला तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर कोणी बैल पाळत नाही. तेव्हा घरच्या गव्हाणीचाच विचार आधी केला पाहिजे.

आता दोन्ही वस्तू काय आहेत ते समजून घेऊ. डिक्कीत राहणारा चार्जर म्हणजे एक जाड केबल, मध्ये विटेएवढी पेटी, एका टोकाला गाडीत बसणारा गोल प्लग आणि दुसऱ्या टोकाला तीन पायांचा मोठा प्लग. तो १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावतात आणि ताशी सुमारे ३.३ युनिट वीज घेतो. भिंतीवरचा चार्जर कायमचा बसवलेला असतो, त्याला मीटरच्या पेटीतून वेगळी वायर लागते आणि एकफेजवर तो साधारण ७.२ किलोवॅटचा, म्हणजे ३२ अँपिअरचा असतो. तीनफेजवर ११ किलोवॅटचेही मिळतात.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करतो. विजेचे रूपांतर करून बॅटरी भरणारे यंत्र या दोहोंपैकी कशातही नसते. ते गाडीच्या पोटात बसवलेले असते. भिंतीवरची पेटी म्हणजे आपल्या पंपाच्या स्टार्टरची शहाणी बहीण समजा. वीज ठीक आहे का, अर्थिंग आहे का, प्लग नीट बसला का, हे पाहून ती वाट मोकळी करते. म्हणून गाडीतले यंत्र जर ३.३ किलोवॅटचे असेल, तर भिंतीवर ७.२ ची पेटी लावूनही गाडी एक मिनिट लवकर भरणार नाही. तीन इंची डिलिव्हरी पाइप लावला म्हणून तीन अश्वशक्तीची मोटार पाच अश्वशक्तीचे पाणी फेकत नाही. काही गाड्यांच्या स्वस्त प्रकारात ३.३ आणि महाग प्रकारात ७.२ असा फरक असतो. विकत घेताना कागदावर तो आकडा पाहावा. विकणारा तो सांगेलच असे नाही.

आता हिशेब मांडू. काटोलहून नागपूर साठ किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन एकशेवीस. छोटी गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते असे धरू. उन्हाळ्यात एसी लावून ती त्याहून कमीही जाते. म्हणजे बॅटरीतून सतरा युनिट गेले. भरताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून मीटरवर एकोणीस युनिट पडतील. ३.३ च्या सुट्या चार्जरने हे भरायला सहा तास लागतात, भिंतीवरच्या ७.२ ने पावणेतीन तास. रात्री दहाला लावलेली गाडी पहिल्या हिशेबाने पहाटे चारला तयार, दुसऱ्या हिशेबाने रात्री पाऊण वाजता. पाऊण वाजता तिला कोठे न्यायची आहे? हा हिशेब मी एका बागायतदाराला ऐकवला तेव्हा ते हसून म्हणाले, “तेवढ्या रातीत का चंद्रावर जाचं हाय साहेब!”

ज्याची रोजची चाल शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि गाडी रात्री सात-आठ तास घरी उभी राहते, त्याला सुटा चार्जर पुरतो. हे माझे मत मी आधीच सांगून टाकतो. परंतु “पुरतो” या शब्दाखाली एक अट दडलेली आहे आणि लोक नेमके तिच्यावरच पाणी सोडतात.

ती अट मला इतवारीतल्या एका जुन्या इलेक्ट्रिक दुकानदाराने काउंटरवर मांडून दाखवली. त्यांच्या खणात जळालेले सॉकेट ठेवले होते, जसे कृषी केंद्रवाले किडीचे नमुने बाटलीत ठेवतात. पांढरे सॉकेट, एका भोकाभोवती तपकिरी झालेले, आतली पितळी पट्टी काळी. ते म्हणाले, “सॉकेट गिझरचंच आहे भाऊ, वाईट नाही. पण गिझर पंधरा मिनिटं चालते, गाडी सात तास.” यात सगळे आले. १४-१५ अँपिअरचा भार सलग सात तास, तोही मे महिन्याच्या नागपुरी रात्री, जेव्हा भिंतसुद्धा हाताला गरम लागते. सॉकेटचा स्क्रू जरा ढिला असेल तर तेथेच तो तापतो आणि प्लास्टिक वितळते.

सुटा चार्जर म्हणजे कोठेही खुपसायचा असे नव्हे. त्याच्यासाठी एक स्वतंत्र पॉइंट काढावा. वायर तांब्याची, किमान ४ चौरस मिलिमीटर, मीटरच्या पेटीतून सरळ आलेली, मध्ये कोठे सांधा नसलेली. तिच्यावर स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तोही ‘ए’ प्रकारचा मागावा, कारण साधा ‘एसी’ प्रकार या यंत्रांची सगळी गळती ओळखत नाही. आणि सॉकेट कारखान्यात वापरतात ते निळ्या रंगाचे, झाकणाचे घेतले तर उत्तम. मात्र आपल्या चार्जरचा प्लग त्यात बसतो का ते आधी पाहावे. बसत नसेल तर चांगल्या कंपनीचे १६ अँपिअरचे साधे सॉकेट लावावे आणि वर्षातून दोनदा स्क्रू आवळून घ्यावेत. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र कदापि नको.

वायरीच्या जाडीबद्दल इतका आग्रह का, तेही सांगतो. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरपासून तीस मीटर नेली आणि १५ अँपिअर ओढले, तर वाटेतच साडेसहा व्होल्ट पडतात आणि शंभर वॅटचा दिवा सतत जळावा इतकी वीज त्या वायरीत उष्णता होऊन जाते. गावात ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या घराला आधीच व्होल्टेज कमी. त्यातून आणखी गेले की चार्जर रात्रीच केव्हा तरी बंद पडतो आणि सकाळी गाडी अर्धपोटी सापडते. मोटारपंप जाळून ज्यांनी रिवाइंडिंगवाल्याची घरे भरली, त्यांना याहून जास्त सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि आपल्या विदर्भात ती सर्वांत मोठी. आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बोटभर नव्हे, हातभर भेगाळते. अर्थिंगचा पाइप ज्या मातीत पुरला, ती मातीच त्याच्यापासून सुटून उभी राहते. जुलैत मोजले तर अर्थिंग उत्तम, एप्रिलमध्ये मोजले तर नावालाच. हे चार्जर शहाणे असतात. अर्थिंग नसेल तर तांबडा दिवा लावून बसतात आणि गाडी भरतच नाहीत. तेव्हा काही वायरमन काय करतात, तर सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गाडी भरते, सगळे खूश. वाचकहो, असे कोणी करू लागला तर त्याला त्याच पावली परत पाठवा. कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या सगळ्या पत्र्यात करंट उतरेल आणि अंगणात गाडीला टेकून उभे असलेले आपलेच लेकरू असेल.

खड्डा वेगळा घ्यावा, त्यात मीठ-कोळशाचे थर द्यावेत किंवा आता तयार मिळणारे रसायन भरावे, वर विटांचे तोंड बांधून झाकण ठेवावे आणि फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे. गावाकडच्या एका घरी मी पाहिले, कूलरचे जुने पाणी बदलताना ते या खड्ड्यात सोडतात. मला ही युक्ती फार आवडली.

चार्जर कोठे बसवावा, याचा धडा नागपूरने २०२३ साली फार महागात घेतला. २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत प्रचंड पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि आसपासच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना घरात पाणी शिरले. तळमजले आणि तळघरातल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या भागातून फिरताना भिंतींवरच्या ओलीच्या रेषा कितीतरी दिवस दिसत. भिंतीवरची पेटी आणि सॉकेट त्या रेषेच्या वर असायला हवे, म्हणजे आपल्या छातीच्या उंचीला. नाल्याकाठच्या गावांनी तर हे विशेष पाहावे. सुट्या चार्जरची विटेएवढी पेटीही जमिनीवर लोळत ठेवू नये, खुंटीवर टांगावी. उंदीर केबल कुरतडतो आणि दुपारच्या उन्हात पेटी तापून स्वतःच भार कमी करते. वीज कडाडू लागली की प्लग काढून ठेवावा.

मग भिंतीवरचा कायमचा चार्जर घ्यावा कोणी? ज्यांच्या घरी दोन गाड्या आहेत, ज्यांची गाडी दिवसातून दोन खेपा करते, किंवा ज्यांची बॅटरी चाळीस-पंचेचाळीस युनिटची असून ती रोज निम्म्याहून जास्त रिकामी होते, त्यांनी. भाजीपाला आणि दूध नागपुरात पोचवून दुपारी परत येणाऱ्या आणि संध्याकाळी पुन्हा निघणाऱ्या माणसाला मधल्या तीन तासांचे मोल आहे. त्याचा पैसा वसूल होतो. शिवाय ही पेटी ऊन-पावसाला बरी टिकते आणि रोज केबल काढा-गुंडाळा करावी लागत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरी हेही लहान सुख नाही.

पण ३२ अँपिअर म्हणजे किती, ते आपल्या बिलावर पाहावे. बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. पुष्कळ घरांत तो एक-दोन किलोवॅटच असतो. एवढ्यावर ७.२ चा चार्जर, वर दोन कूलर, फ्रिज आणि विहिरीची छोटी मोटार चालवणे म्हणजे खटाऱ्याला ट्रकचा माल लादणे. आधी महावितरणकडे भार वाढवून घ्यावा लागतो आणि बहुधा तीनफेज जोडणीच घ्यावी लागते. वायर ६ चौरस मिलिमीटरची, अंतर जास्त असेल तर १० ची. म्हणजे पेटीची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. दुकानात फक्त तोच सांगतात. सुट्या चार्जरच्या ३.३ किलोवॅटसाठीही मंजूर भार पाहून घ्यावा, ते सहसा कोणी पाहत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. वावरात तीनफेज वीज आहे, पंपाचे मीटर आहे आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारने वीजबिलात माफी दिली आहे. तेव्हा गाडी वावरातच का भरू नये, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तसे करू नये. वीज ज्या कामासाठी मंजूर झाली, त्याहून वेगळ्या कामाला वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीच्या फीडरवरची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. गावठाणाची वीज वेगळ्या फीडरवरून येते. गाडी घरीच बांधावी. आकड्याविषयी तर मी लिहीतच नाही.

घरच्या मीटरवरून आपली गाडी भरण्यास कोणताही परवाना लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केले आहे की चार्जिंग ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे. बिल मात्र घरगुती टप्प्यांनी वाढते. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालली तर एकशेसाठ युनिटच्या आसपास भर पडते. ज्यांचे घर आधी शंभर-सव्वाशे युनिटचे, ते तीनशेच्या टप्प्यात राहतात. ज्यांचे अडीचशे, त्यांचे वरचे युनिट पुढच्या, महाग टप्प्यात जातात. अशांनी गाडीसाठी वेगळे मीटर घेण्याचा किंवा छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आपल्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. दीड किलोवॅटमध्ये वरच्या हजार किलोमीटरची वीज निघते. जाता जाता सांगतो, सावनेरच्या रस्त्याने कोराडीच्या चिमण्या दिसतात तेव्हा माझ्या मनात नेहमी येते की गाडीला धूर नाही हे खरे, पण धूर येथे आहे. छतावर सौर असेल तर ती रुखरुखही कमी होते.

शहरातल्या मुलाकडे मुक्कामाला जाणारे वाचक विचारतील, तिकडे काय? तेथेच सुट्या चार्जरची खरी किंमत कळते. गावी भिंतीवरची पेटी असली तरी सुटा चार्जर डिक्कीत असावा. धरमपेठेतल्या वा मनीषनगरातल्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये सोसायटीची परवानगी काढून मुलाच्या मीटरवरून एक पक्का पॉइंट घ्यावा. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून वाळत घातलेल्या लुगड्यासारखी खाली लोंबणारी वायर मी वर्धा रोडकडे एके ठिकाणी पाहिली आहे. ती पाहून माझ्याच अंगावर काटा आला. लग्नकार्याला पाहुण्यांकडे गेलात तर तेथले सॉकेट पहिल्यांदा अर्धा तास लावून हात लावून पाहावे. कोमट ठीक, चटका बसला तर प्लग काढावा. काही सुट्या चार्जरवर करंट कमी करण्याचे बटण असते. जुन्या वाड्यातल्या वायरिंगवर ते दहा अँपिअरवर ठेवावे. वेळ लागेल, पण वाडा शाबूत राहील.

नागपूरला खरेदीला निघाल तेव्हा तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: गाडीतल्या यंत्राचा किलोवॅटचा आकडा, मीटरपासून गाडी उभी राहते तिथपर्यंतचे अंतर पावलांनी नव्हे तर टेपने मोजून, आणि विजेचे शेवटचे बिल. चांगला दुकानदार आधी बिलच मागतो. वायर आणि अर्थिंगचे सामान त्याच फेरीत घ्या, पेटी पुढच्या फेरीत घेतली तरी चालेल. आणि चार्जरवर आयएस १७०१७ चा शिक्का आहे का, ते चष्मा लावून बघा.